घड्याळ, अंगठी आणि चुटकीचं तिसरं पिल्लू

कामाला हात लावण्याआधी आमचे मेकॅनिक काका घड्याळ काढायचे, मग अंगठी. दोन्ही रुमालात ठेवून वर गाठ, आणि पुरचुंडी खिशात. तोवर इकडची दुनिया तिकडे झाली तरी बेहत्तर! चेन्नईत गिंडीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात मी नाशिकहून नवी रुजू झाले तेव्हा हा सोहळा बघून माझा जीव वरखाली व्हायचा. "काका, मशीन बंद पडलंय हो!"

"अवसरम नको मा," ते म्हणायचे. अवसरम म्हणजे घाई, मा म्हणजे पोरी. काका तंजावरकडचे मराठी. भाषा जुनी आणि तिच्यात चवीपुरतं तमिळ. "बंद पडलें तें कुठें पळतें?"

अडकलेलं बेअरिंग काढावं तर काकांनीच. कोणी हातोडी उचलली की मात्र चिडायचे. "मारूं नकोस. तें हलेल तेव्हां तूं ओढ."

आमच्या पॅकिंगच्या खोलीत चुटकी नावाची मांजराएवढी कुत्री राहायची. काका डब्यातला निम्मा दहीभात तिला घालायचे आणि आम्हाला सांगायचे, "मला जास्त होतो." साफ खोटं! एका दुपारी, ऐन जेवणाच्या सुट्टीत, ती खोक्यांमागे व्यायला लागली. दोन पिल्लं झाली. तिसरं अडलं. मागचे पाय बाहेर, बाकी सगळं आत, आणि चुटकीने मान टाकलेली. जनावरांचे डॉक्टर फोनवर म्हणाले, मी निघालोय, पण तेवढा वेळ नाही. स्वच्छ फडक्याने धरा, ती कळ देईल तेव्हाच हलकेच खाली ओढा.

मी मोठी शहाणी! अर्धंच ऐकलं आणि ओढलं. चुटकी अशी किंचाळली की मी फडकं टाकून मागे सरले.

काका आले. घड्याळ काढलं. अंगठी काढली. रुमाल, गाठ.

"अहो, मरेल ती!" मी रडत ओरडले. ते शांतपणे हात धुऊन आले.

"तुम्ही कधी केलंय का हे?"

"नाही मा. बेअरिंगें काढलीं आहेत."

चुटकीच्या पोटावर एक हात ठेवून ते बसले. कळ आली की जरासं ओढायचं, ओसरली की नुसतं धरून ठेवायचं. चार कळा गेल्या. पाचवीला पिल्लू हातात आलं. ओलं, गार, निपचित.

"गेलं," मी म्हणाले.

"अवसरम नको." त्यांनी त्याचं नाक-तोंड पुसलं आणि फडक्याने चोळत राहिले. चोळतच राहिले. मग ते एकदम चिरकलं, आणि चुटकीने मान उचलली. काका तेव्हा कुठे खोक्यांना टेकून बसले.

"भ्यालों मा. फार भ्यालों."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, चहा आणून दिला.

गेल्या वर्षी काकांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. त्यांनी लग्न केलेलं नव्हतं, तेव्हा सोबतीला मीच. आत नेण्याआधी त्यांनी घड्याळ काढलं, अंगठी काढली, रुमालाला गाठ मारली. या वेळी पुरचुंडी माझ्या हातात दिली.

"बसून राहा. अवसरम नको."

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले, 'नाही वाचवू शकलो' असं हात जोडून सांगून गेले. सिस्टर दोनदा म्हणाली, आता उठा. मी पुरचुंडी मुठीत धरून बसूनच होते. काकांनी सांगितलं होतं ना, बसून राहा.