नावेमागची काईल

नावेमागे बांधलेली परक्याची काईल मी कृष्णेत बुडवली. प्रवासवर्णनात आधी निसर्ग येतो, हे मला ठाऊक आहे. पण अजून मान वर करवत नाही.

आणीबाणी उठली त्या वर्षीच्या हिवाळ्यात मी गुऱ्हाळ पाहायला साताऱ्याहून सांगलीकडे निघालो. आधी एस.टी., मग गणूतात्यांची नाव. पलीकडच्या गावात माझ्या मित्राचे मामा, बापू, ऊस लावतात. पोचलो तर चुलाण थंड. त्यांची काईल (रस उकळायची हौदाएवढी लोखंडी कढई) तळाला फुटलेली, आणि पिंपं रसानं भरलेली. दुपारपर्यंत उकळला नाही तर रस आंबणार. म्हणून नदीपल्याडच्या व्याह्यांची काईल आणायला आम्ही नावेत बसलो. सोयरीक नवी, याच वैशाखातली.

व्याह्यांनी भाकरी-भरीत खाऊ घातलं आणि काईल पाण्यात ढकलून दिली. तिच्या कडीला दोर बांधून ती नावेमागे ओढत न्यायची. पण रिकामी काईल गरागरा फिरते. आत वजन लागतं. तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पावणं, तुमी मधोमध बसा. जाग्यावरनं हलायचं न्हाई."

बसलो. दोन्ही काठांना उसाचे तुरे, घाटावर धुणी, आणि मधे मी, कढईतल्या भज्यासारखा तरंगत! एवढ्यात पुढं नावेत बापू आणि तात्या खदखदून हसले. विनोद ऐकू येईना. मला सगळं चुकलेलं चालतं, विनोद चुकलेला चालत नाही. मी कडेला सरकलो आणि दोर ओढत नावेजवळ जाऊ लागलो.

काईल कलली. एक घोट पाणी प्याली, मग पोटभर.

"तात्या, दोर तोड! नाव बी जाईल!" बापू ओरडले.

तात्यांनी विळ्यानं दोर कापला, मला कॉलरला धरून वर ओढलं. व्याही काठावर उभे राहून बघत होते.

"इवायाला काय तोंड दावू आता?" बापू पुटपुटले.

पोहणाऱ्यांनी बुड्या मारून दोर अडकवला, बैलांनी काईल बाहेर ओढली, तोवर दिवस मावळला. फसफसलेला रस ओढ्यात ओतला. काईल बघायला अलीकडे आलेले व्याही "आसूंद्या" म्हणाले, पण जेवायला थांबले नाहीत.

सकाळी मामींनी घरातली उरलेली गुळाची ढेप माझ्या पिशवीत घातली. नको म्हटलं तरी ऐकेनात.

परतताना ती ढेप मांडीवर घेऊन मी नावेत अगदी मधोमध बसलो. न राहवून विचारलं, "तात्या, काल हसलात कशावर?"

"तुमच्यावरच की. बापू म्हनलं, पावना कशाच्या उपेगाचा न्हाई, पर वजन म्हून झ्याक हाय." त्यांनी वल्हं पाण्यात घातलं. "त्ये बी जमलं न्हाई तुमास्नी."