दोन मोठे चमचे, रंगासाठी

मी जिचे स्वयंपाकाचे व्हिडिओ कॉलेजच्या बसमध्ये बघते, केस वाळवताना बघते, पाठ झालेत तरी बघते, त्या ताईचं पहिलं पुस्तक आलं तेव्हा आमच्या घरात एकच प्रश्न होता. मम्मीला चव परत कधी येणार? त्यामुळे पुस्तक आणि मम्मीची चव या दोन गोष्टी माझ्या डोक्यात वेगळ्या होतच नाहीत. एक सांगायला घेतली की दुसरी आपोआप येते.

दिवाळीनंतर मम्मीला ताप आला होता. ताप उतरला, पण वास आणि चव गेली ती गेलीच. ते आम्हाला कळलं बसमध्ये. विसरवाडीला मावशीकडे जाऊन आम्ही दोघी परत येत होतो. नंदुरबार जवळ आलं की रस्त्याकडेला मिरचीच्या पथाऱ्या लागतात, म्हणजे मोकळ्या जागेवर ओली, आमच्या बोलीत वल्ली, लाल मिरची वाळत घातलेली असते, नजर जाईल तिथपर्यंत. बस त्या लालमधून जाताना मला नेहमी वाटतं की आपण कुणाच्या तरी स्वप्नात शिरलोय. मम्मी बसमध्ये कायम डोळे मिटून बसते, आणि नुसत्या वासावर म्हणते, "उनं नंदुरबार," आलं नंदुरबार. यंदाची मिरची कशी आहे तेही न बघता सांगते. त्या दिवशी पथाऱ्या आल्या, गेल्या, मी नाकाला ओढणी लावली, आणि मम्मी तशीच बसलेली. स्टँडवर मी तिला हलवलं तर म्हणाली, एवढ्यात आलं?

मग रनाळ्याला घरी आल्यावर डाळ खारट व्हायला लागली. पप्पा नुसतं पाणी जास्त प्यायचे. मम्मीच्या ते लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी तिने मिठाचा डबा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "तू टाक. माले समजत नही." तेवढंच. पण माझी मम्मी, जिने आयुष्यात कधी चमचा मोजला नाही, ती त्या दिवसापासून चुलीपासून जरा लांब उभी राहायला लागली, पाहुणी असल्यासारखी. भाकरी खायची ती गोळी घेतल्यासारखी.

पुस्तक आलं त्या दुपारी मी आधी ते तिच्या नाकाशी धरलं. नव्या पुस्तकाचा इतका मस्त वास होता. तिने मान हलवली. मग अंगणात उन्हात बसून आम्ही पानं उलटली. फोटो बघत बघत ती एका पानावर थांबली, भाजलेल्या टोमॅटोचा लाल भात. पथारीसारखा दिसतो, असं म्हणाली. तिला काहीतरी बघून थांबावंसं वाटलं, मला एवढंच पुरे होतं. मी म्हटलं, रविवारी हाच.

रविवारी मी पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवून उभं केलं आणि त्यात लिहिलंय अगदी तस्संच करत गेले. टोमॅटो आचेवर काळे होईपर्यंत भाजले. लसूण ठेचला. तूप, जिरं, तांदूळ. आणि मग ओळ होती: लाल तिखट, दोन मोठे चमचे, रंगासाठी. मी आमच्या डब्यातलं तिखट घेतलं आणि दोन मोठे चमचे टाकले. शीग लावून.

आता तुम्हाला कळलंच असेल. त्या ताईचं तिखट शहरातलं, नुसतं लाल. आमचं तिखट पथारीवरून आणलेल्या मिरचीचं, मम्मीने स्वतः निवडून, देठं काढून, दळून आणलेलं. आमच्या घरात भाजीला पाव चमचा पडतो. भांड्यातून वाफ उठली तशी मी खोकतच बाहेर पळाले. अंगणात पप्पा शिंकत होते. परत आत जाऊन डोळे पुसत पुसत मी पाणी ओतलं, झाकण ठेवलं, आणि त्या घाईत पुढची ओळ वाचलीच नाही.

भात दिसायला मात्र अगदी फोटोसारखा झाला. मी तिघांची ताटं वाढली. पप्पांनी एक घास घेतला आणि त्यांचे कान लाल झाले. दह्याचं भांडं पुढे ओढत ते म्हणाले, "त्या बाईले आपली मिरची कोनी दखाडी नही वाटस." मला हसू येत होतं आणि रडूही. ती ज्याच्या फोटोवर थांबली तो हा एकच पदार्थ, आणि मी तोही घालवला.

मम्मीने घास घेतला. तिच्या कपाळावर घाम आला. मी ताट उचलायला हात पुढे केला, तर तिने माझा हात बाजूला केला. दुसरा घास घेतला. तो तिने खूप वेळ चावला, खिडकीकडे बघत, कुठला तरी लांबचा आवाज ऐकत असल्यासारखी.

"तिखट ऱ्हाऊ दे, बेटा," ती म्हणाली. "मीठच नही शे यान्हामा."

पप्पांचा हात दह्यातच थांबला. मी पुस्तकाकडे धावले. पुढची ओळ तीच होती: मीठ, चवीनुसार. मी टाकलंच नव्हतं. तिखटाने पप्पांना कळलं नाही, मला कळलं नाही, तिला कळलं. मी मिठाचं पाणी करून आणलं तर तिने वाटी माझ्या हातातून घेतली, पाणी भातावर स्वतः शिंपडलं, चाखलं, अजून थोडं शिंपडलं. आणि जेवली. दही घालून, नाक पुसत पुसत, पण ताट संपवलं.

सगळं एका दिवसात परत आलं असं नाही. चहा तिला अजून गरम पाणीच लागत होता, आणि लसणाचा वास काही दिवस नुसता येऊन जायचा. मी त्या ताईला लांबलचक मेसेज टाईप केला होता, मग पाठवलाच नाही. आमच्या पुस्तकाच्या त्या पानावर आता लाल बोटाचा ठसा आहे.

काही आठवड्यांनी आम्ही परत विसरवाडीहून येत होतो. दुपारचं ऊन, बस अर्धी रिकामी, मम्मी डोळे मिटून बसलेली. लांबून लाल दिसायला लागलं. मी तिच्या चेहऱ्याकडेच बघत राहिले. पहिली पथारी मागे गेली. दुसरी गेली.

"यंदानी मिरची," मम्मी डोळे न उघडता म्हणाली, "अजून वल्ली शे."