बेरिल वाचायची तो नंबर

विल्फ ऑगलीला गाडीचे नंबर विकत घेणाऱ्या माणसांचा मनापासून तिटकारा होता. यॉर्कशरमधल्या आमच्या रॉदरॅमच्या बाजारात असं एखादं ध्यान दिसलं, म्हणजे स्वतःच्या नावाची अक्षरं जुळवून आणलेली प्लेट मिरवणारा खाटीक नाहीतर दातांचा डॉक्टर, की विल्फ भर रस्त्यात थांबून म्हणायचा, "विसरतोय की काय हा स्वतःचं नाव?" उभा जन्म पोलादाच्या कारखान्यात तापलेल्या सळ्यांसमोर गेलेला. माणसाने पैसा कोळशावर घालवावा, बिअरवर घालवावा, फार तर रताळ्यासारख्या तोंडाच्या एखाद्या घोड्यावर घालवावा. पण पत्र्यावरच्या अक्षरांवर? त्यात अर्थ नाही, असं त्याचं ठाम मत होतं. आणि विल्फचं मत म्हणजे दगडावरची रेघ.

त्याच विल्फवर म्हातारपणी एका नंबरामागे गावोगाव फिरायची वेळ आली.

याचं मूळ शोधायचं तर कारखान्याच्या क्लबापर्यंत मागे जावं लागतं. लग्नानंतर विल्फ आणि बेरिलने जुनी मॉरिस मायनर घेतली होती, करड्या रंगाची. त्या काळी आमच्या गल्लीत निम्म्या गाड्या मॉरिस, आणि त्यातल्या निम्म्या करड्या. एका शनिवारी रात्री क्लबातून निघताना बेरिल समोरच्या दुकानात चिप्स घ्यायला गेली. गरम पुडकं घेऊन परत आली, गाडीत बसली, दार ओढलं आणि सासूबद्दल साठलेलं सगळं बोलून मोकळी झाली. पदार्थांना ठेवलेली नावं, पडद्यांवरचे टोमणे, एकही गोष्ट सोडली नाही. शेजारचा माणूस निमूटपणे ऐकत होता. मधेच त्याने दोन चिप्सही खाल्ल्या. शेवटी तो म्हणाला, "बाई, तुमचं सगळं खरं असेल, पण माझी आई वारून नऊ वर्षं झाली." ते अंत्यविधीचं काम करणारे मिस्टर क्रुक्स होते. विल्फ दोन गाड्या सोडून तिसऱ्या गाडीत वाट बघत बसला होता.

क्लबाला पुढे वर्षभर हा विषय पुरला. बेरिलही हसायची, पण त्या दिवसापासून तिने एक नेम धरला. गाडीत बसायच्या आधी ती पुढे जाऊन उभी राहायची आणि नंबर मोठ्याने वाचायची. "जे ई टी, पाच एक आठ. आपलीच." मगच दाराला हात. पावसात, बर्फात, अगदी ब्रिडलिंग्टनच्या समुद्रावर सगळ्या किनाऱ्यावर त्यांची एकच गाडी असली तरी. विल्फ आतून ओरडायचा, "अगं, मी दिसत नाही का तुला?"

"तू दिसतोस रे. क्रुक्सही दिसत होते."

मूलबाळ झालं नाही. गाडी मात्र बरीच वर्षं टिकली. ती विकायला काढली तेव्हा बेरिल म्हणाली होती, "गाडी जाऊ दे विल्फ, नंबर तेवढा ठेवून घे. फॉर्म भरला की ठेवता येतो म्हणतात." विल्फने तिला वेड्यात काढलं. नंबर काय फ्रेम करून लावायचाय? आमच्याकडे गाडी विकली की नंबर गाडीबरोबर जातो. ज्याला हवा असेल त्याने आधी मागून घ्यायचा. विल्फने मागितला नाही. नव्या गाडीचा नंबर बेरिलला पाठ व्हायला सहा महिने लागले. त्यानंतरच्या गाड्यांचेही तिने पाठ केले, पण "आपलीच" हा शब्द ती पुन्हा तशा ठसक्यात म्हणाली नाही.

मग बेरिलला विसर पडू लागला. आधी चष्मा, मग गॅस, मग शेजारणीचं नाव. खुब्याचं हाड मोडलं आणि विल्फला एकट्याने उचलणं झेपेना, तेव्हा तिला वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. पहिल्या दिवशी तिला तिथे सोडून तो घरी आला आणि तिची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. रिकामी बघवत नव्हती. हाड जुळल्यावर डॉक्टर म्हणाले, रविवारी जेवायला घरी न्यायला हरकत नाही, चालते ती. विल्फने शेजारणीकडून यॉर्कशर पुडिंग, रविवारच्या मांसाबरोबर खायचं ते फुगीर पुडिंग, शिकून घेतलं. पहिली तीन जळली, चौथं फुगलं. रविवारी कोट-टोपी घालून तो बेरिलला न्यायला गेला.

बेरिल फाटकापर्यंत छान आली. त्याच्या लाल गाडीसमोर उभी राहिली, वाकून नंबर वाचला आणि म्हणाली, "ही आपली नाही."

"आपलीच आहे, बेरिल. बस."

"आपली जे ई टी पाच एक आठ. दुसऱ्याच्या गाडीत मी नाही बसायची विल्फ, एकदा शोभा झाली तेवढी पुरे." आणि ती फुटपाथच्या कडेला पर्स घट्ट धरून उभी राहिली, आपली गाडी येईल म्हणून. टॅक्सी आणली तरी तेच. हात धरून बसवायला गेला तर तिने अशी किंकाळी फोडली की समोरच्या घराच्या खिडक्या उघडल्या. घरी पुडिंग गार होऊन खाली बसलं. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही रविवारी तेच.

तिथे बेरिलचं सगळं बघणारी नासरीन म्हणून एक मुलगी होती, तोंडाने फटकळ आणि हाताने मऊ. ती म्हणाली, "विल्फ, पुठ्ठ्यावर लिहून चिकटवा की तो नंबर. फाटकापासून तुमच्या घरापर्यंत कोण बघतंय?"

"खोटा नंबर चोर लावतात. चोराच्या गाडीतून बायकोला घरी नेऊ?"

"मग खरा आणा," नासरीन म्हणाली आणि तिथल्या तिथे फोनमध्ये नंबर टाकून बघितला. गाडी जिवंत होती! मॉरिस, रंग करडा, कर भरलेला. मालकाचं नाव मात्र त्यात दिसत नाही, आणि गाड्यांची नोंद ठेवणारं सरकारी ऑफिस ते कुणाला सांगतही नाही. बरोबरच आहे म्हणा. उद्या कुणीही उठेल आणि कुणाच्याही दारात जाईल.

विल्फला नेमकं तेच करायचं होतं.

उन्हाळ्यात आमच्याकडे गावागावांत जुन्या गाड्यांची जत्रा भरते. मैदानात गाड्या ओळीने उभ्या करायच्या, मागे घडीच्या खुर्च्या टाकून थर्मासमधला चहा प्यायचा आणि एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवायची. विल्फ एकेका ओळीतून वाकून वाकून फिरू लागला. डॉनकास्टरला गेला, वर्क्सपला गेला, पावसात भिजून दोन दिवस तापाने पडला. त्याच्या ध्यानात आलं की इथे माणसाचं नाव कुणी विचारत नाही, नंबर विचारतात. शेवटी रेटफर्डच्या मैदानात एका टोपीवाल्याने कप खाली ठेवला.

"जे ई टी पाचशे अठरा? मागच्या काचेशी विणलेली उशी. ऑब्री ड्रिंगची. चर्चच्या घंटा वाजवायचा, गेल्या वर्षी गेला बिचारा. गाडी बहिणीकडे असेल, मार्केट रेझन गावाच्या पलीकडे. पण सांभाळून हं. नंबरांचे दलाल येऊन येऊन बाई पिसाळलीय. जे ई टी म्हणजे 'जेट' ना, असा नंबर म्हणजे सोनं!"

एवढ्या दिवसांत बेरिलचं बोलणं कमी झालं होतं. कधी ती विल्फकडे बघून पाहुण्याकडे बघावं तसं गोड हसायची आणि चहा घेणार का म्हणून विचारायची. नासरीन म्हणाली, "विल्फ, जरा मनाची तयारी ठेवा." विल्फ म्हणाला, "दमलीय ती. घरी आली की सुधारेल." त्याला तसं खरंच वाटत होतं. स्वयंपाकघर, तिची खुर्ची, खिडकीतून दिसणारा परसातला रुबार्बचा वाफा, हे सगळं एकदा तिच्या डोळ्यांसमोर आलं की गाडं रुळावर येईल. अडून बसलाय तो फक्त नंबर.

मिस ड्रिंगच्या दारात त्याने पहिलंच वाक्य चुकीचं टाकलं. "बाई, तुमच्या गाडीचा नंबर विकत घ्यायला आलोय."

"या आठवड्यातले तुम्ही दुसरे," ती म्हणाली. उंच, वाळकी, हातात कोबी चिरायची सुरी. "माझा भाऊ जमिनीखाली नीट टेकलाही नव्हता, तर वायपरखाली चिठ्ठ्या! गिधाडं तरी थोडा धीर धरतात." आणि दार लागलं.

विल्फ गाडीत येऊन बसला. परत फिरायला हवं होतं, पण किल्ली फिरवायचं त्राण नव्हतं. ज्या जमातीला जन्मभर नावं ठेवली तिच्यातच आज आपली गणती झाली, आणि तीही गिधाडांच्या खाली. तेवढ्यात घराचं दार पुन्हा उघडलं. त्या बाजूच्या खेड्यांत अनोळखी गाडी रेंगाळताना दिसली की लोक नंबर टिपून ठेवतात. मिस ड्रिंग पेन्सिल घेऊन त्याच्या गाडीसमोर येऊन उभी राहिली, वाकली आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचू लागली.

विल्फला रडूच फुटलं. कारखान्यात पाय भाजला तेव्हा रडला नव्हता, आईच्या मातीला रडला नव्हता. काच खाली करून तो एवढंच म्हणाला, "माझी बायको अगदी असंच वाचते हो."

मग स्वयंपाकघरात चहा झाला आणि क्लबापासून फाटकापर्यंत सगळं बोलून झालं. मिस्टर क्रुक्सच्या आईशी आल्यावर मिस ड्रिंग हसली, आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच हसले म्हणाली. नंतर तिने कोठारात नेऊन गाडीवरची चादर काढली. करडी मॉरिस, चकाचक. विल्फने नुसता बॉनेटवर हात ठेवला.

"ऑब्री हिला पाचशे अठराच म्हणायचा," ती म्हणाली. "'पाचशे अठराला आंघोळ घालतो.' 'पाचशे अठराला सर्दी झालीय.' नंबर गेला की हिला हाक कशी मारायची?"

"नको मग," विल्फ म्हणाला आणि चादरीचं टोक उचलून पुन्हा गाडीवर ओढू लागला.

मिस ड्रिंगने चादर त्याच्या हातातून काढून घेतली. "गाडीला काही कळत नाही. तुमच्या बायकोला अजून कळतंय. घेऊन जा. सरकारची फी भरा, मला दमडी नको. फक्त ती गाडीत बसली की एक फोन करा."

कागद झाले. मॉरिसला त्याच सालातला दुसरा, कधी कुणाचाच नसलेला नंबर मिळाला. विल्फच्या लाल गाडीवर नवी कोरी प्लेट चढली. ती बसवताना समोरून दातांचा डॉक्टर गेला आणि म्हणाला, "काय विल्फ, शेवटी तुम्हीपण?" विल्फने हं म्हटलं आणि स्क्रू पिळला.

रविवारी सकाळी त्याने मांस मंद आचेवर ठेवलं, टेबलावर दोन ताटं मांडली, भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची वळवून खिडकीशी आणली. बटाटे सोलून पाण्यात घातले. मग वृद्धाश्रमाच्या फाटकाशी गाडी लावून तो चालकाच्या जागेवरच बसून राहिला, जुन्या दिवसांसारखा. रेडिओही त्याने बंद केला.

नासरीन बेरिलला हाताला धरून घेऊन आली. निळा कोट, पर्स. गाडीसमोर येताच बेरिल थांबली आणि वाकली. तिचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"जे ई टी," ती म्हणाली. "पाच. एक. आठ." आणि मग तिचं तोंड उजळलं. "आपलीच!"

नासरीनने तोंडावर हात दाबला. बेरिल तिला सांगत होती, "रंग दिलेला दिसतोय त्याने. लाल! काय बाई त्या माणसाची आवड." तिने स्वतःच्या हाताने दार उघडलं, नीट आत बसली, कोट गुडघ्यांवर सारखा केला, दार ओढून घेतलं. विल्फचा जीव भांड्यात पडला, त्याने इंजिन चालू केलं. आता मिस ड्रिंगला फोन करायचा, बटाटे शिजत टाकायचे.

बेरिलने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. मग फार हळू, कुणाला लाज वाटू नये अशा आवाजात म्हणाली, "अहो, तुम्ही चुकून दुसऱ्यांच्या गाडीत बसलात."

विल्फने गिअरवरचा हात काढून घेतला.

"वाईट नका वाटून घेऊ," तिने त्याच्या हातावर थोपटलं. "होतं असं. माझंही एकदा झालं होतं. सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात हो. नंबर वाचून बसायचं, म्हणजे चूक होत नाही."

"तुमचे मालक कुठे आहेत?" विल्फने विचारलं.

"विल्फ? येईल इतक्यात. चिप्स आणायला गेला असेल."

"तोवर मी बसलो तर चालेल?"

"बसा की. बाहेर गार आहे." तिने पर्स मांडीवर घेतली आणि समोरच्या रस्त्यावर नजर लावली. "हट्टी आहे हो, एक नंबरचा. पण मला कधी ताटकळत नाही ठेवलं त्याने."

विल्फने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, आणि दोघंही विल्फची वाट बघत बसले.