तोकडा नाल

लग्न होऊन कळंबला आले, तेव्हा नवऱ्याआधी मला सासऱ्यांची घोडी नीट पाहायला मिळाली. नवरा दिवसभर उसात आणि घोडी न्हाणीसमोरच बांधलेली. पांढरीशुभ्र, गुलाबी नाकाची. घरात सगळ्यात जास्त लाड तिचेच. थंडीत गरम पाणी आधी तिच्या पायांना, मग माझ्या आंघोळीला. सुरुवातीला मी तिच्यावर खार खाऊन होते.

सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांची घोडी वरातीत नाचायची. हलगी कडाडली की पुढचे पाय छातीपर्यंत उचलायची आणि आबा लगाम धरून असे ताठ चालायचे, की नवरदेव तेच वाटावेत.

नाचणाऱ्या घोडीला आमच्याकडे नाल तोकडा मारतात. का, तर नाचताना मागचा पाय पुढच्या नालावर पडतो, आणि नाल टाचेपर्यंत लांब असला की उपटून निघतो. भर वरातीत नाल निघणं म्हणजे घोडीवाल्याची नाचक्की. म्हणून टाच उघडीच ठेवायची. आपण लहान पोराची चप्पल घालून टाच बाहेर टाकून चालावं, तशी ती बिचारी चालायची. त्यात लग्नसराई आणि उसाचा हंगाम एकाच वेळी. आमचा नालबंद हंगामभर कारखान्याच्या गाडीतळावर बैलांच्या पायांत पत्र्या ठोकत बसतो. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखाना बंद होईपर्यंत, तो कळंबला फिरकत नाही. इकडे घोडीचा खूर वाढतो, पुढं पुढं जातो, नालही त्याच्याबरोबर पुढं सरकतो आणि टाचेखाली काहीच उरत नाही. लांब खुराची घोडी दिसते मात्र रुबाबदार. बघणारे वाहवा करतात. मला त्या वाहवेचा अजून राग येतो.

एका हंगामात ती वळताना थबकायला लागली. उभी असली की एक पाय पुढं टाकून उभी राहायची. शेण-लीद काढताना मी रोज पाहत होते. "आबा, पाय दुखतोय तिचा," म्हटलं तर म्हणाले, "नखरं हायती. वाजू दे हलगी, मग बघ."

मी आबांना न विचारता इंदापूरहून जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यावरून घरात बरीच भांडी आपटली, बहुतेक मीच आपटली. डॉक्टरांनी पाय उचलून दाखवला. पुढं वाढलेला खूर कापायचा, टाच पूर्ण पेलेल असा लांब नाल मारायचा, महिन्या-दीड महिन्याने तो बदलायचा आणि वर्षभर नाच बंद. "टाच खचायला लागलीय, पण अजून पुरती बसलेली नाही. आत्ता आधार दिला तर घोडी चालेल," म्हणाले.  आबांनी बारामतीहून घोड्यांचा नालबंद आणला. हळूहळू ती मळ्याच्या रस्त्याने सरळ चालायला लागली, वळतानाही थबकेना. हे जनावर वाचलं, असं मला तेव्हा खरंच वाटलं. त्या दिवसांत गरम पाणी मी आपणहून आधी तिला द्यायचे.

मग पणदऱ्याला आबांच्या मेहुण्याच्या घरचं लग्न निघालं. "नाचवायची न्हाय, नुसती चालवायची," असं म्हणून आबांनी तिला नेली. पण घोडीला कोण सांगणार? हलगी वाजली आणि तिने पाय उचलले. आबांनी लगाम ओढला नाही. मी बायकांच्या घोळक्यातून ओरडत होते. हलगीपुढं माझं कोण ऐकतंय! मागचा पाय लांब नालावर पडला, नाल उपटला आणि खिळ्यांबरोबर खुराच्या कडेचा टवकाही गेला. घोडी गुडघ्यांवर आली. नवरदेव तिच्या मानेवर आदळला.

"आबा, घोडी नाचतीया का पाया पडतीया?" कुणीतरी म्हणालं आणि सगळी वरात हसली.

घरी आल्यावर आबांनी पुन्हा तोकडे नाल मारून घेतले. मी हात जोडले, "आबा, टाच जाईल तिची."

"गेली तर गेली," आबा म्हणाले, "पर माझ्या घोडीला कुणी हसायचं न्हाय."

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्याने घोडीला काय फरक पडणार होता? उरलेली लग्नसराई ती नाचली आणि टाच बसली ती बसलीच. डॉक्टर पुन्हा आले, पाय पाहिले आणि आता आपल्या हातात काही नाही म्हणून चहा न घेताच गेले.

आता तिचे नाल काढलेत. उसाच्या पाचटाच्या जाड थरावर ती असते. उभी कमी, आडवीच जास्त. आबा दिवसभर जवळ बसून असतात. गावात वरात निघाली की तिच्या कानांत कापसाचे बोळे घालतात, वरून स्वतःचा फेटा गुंडाळतात आणि तिचं डोकं छातीशी धरून ठेवतात. पण हल्ली वरातीत डीजे असतो. त्याचा धक्का जमिनीतून येतो.

परवा शेजारच्या वस्तीवर लग्न होतं. न्हाणीतल्या बादलीतलं पाणी थरथरत होतं. कान बांधलेली घोडी धडपडत उठली आणि तिने पुढचा पाय उचलला. "न्हाय गं बाय, न्हाय," आबा म्हणत होते. ती पाय खाली टेकवायची, कळवळायची आणि पुन्हा उचलायची.