माझ्या अक्षरातली अट

नोकरीच्या जाहिरातीतली कोणती अट माणूस शोधण्यासाठी घातलेली असते आणि कोणती एका माणसाला दूर ठेवण्यासाठी, हे तुम्हाला ओळखता येतं का? मला येतं. तशी एक अट मी स्वतः लिहिली आहे.

शिरूरच्या एका दूध संकलन केंद्रात मी तेव्हा कारकून होते. समतेची पत्रकं वाचत वाढलेली, कॉलेजात ती स्वतः लिहून वाटणारी. केंद्राचं सगळं काम आमच्याच बौद्धवस्तीतले एक मामा बघायचे. कुठली गाडी आधी रिकामी करायची ते तेच ठरवत. कॅनचं झाकण काढलं की नुसत्या वासावर त्यांना कळे, हे दूध टिकणार नाही. पण दूध परत पाठवायचं असलं, की मामा मालकांच्या कानात सांगत आणि मोठ्यानं 'न्हाई' म्हणत ते मालक. मामांच्या तोंडून नकार ऐकायची दूध घालणाऱ्या बागायतदारांना सवय नव्हती. आणि खरं सांगायचं तर, मलाही त्यात काही खटकत नव्हतं.

मग दौंड तालुक्यात, राहू गावाला दुसरं केंद्र निघालं. मालक एका वेळी दोन्हीकडे थांबू शकत नव्हते. दोन्ही केंद्रं चालवणारा मॅनेजर हवा होता. कुणाला नेमावं, असं त्यांनी मला विचारलं.

"मामांनाच की," मी म्हणाले.

"मामासारखा कामाचा माणूस न्हाई, हे मला ठाव न्हाई व्हय? पण तिकडं नकार कोण देणार? मामा? लोक दूध दुसरीकडं घालतील. तू आपली जाहिरात लिही. पदवीधर पायजे म्हण. म्हंजी कुणाचं मन दुखायचं न्हाई."

मामा दहावी शिकलेले. मी तिथंच भांडायला हवं होतं. मला माझी नोकरी आठवली. 'पदवीधर असणे आवश्यक' असं मी लिहिलं. वर 'इंग्रजी संभाषण येणे आवश्यक' हे माझ्या पदरचं. मजकूर भारदस्त वाटावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी मामा माझ्या टेबलापाशी आले.

"पोरी, माझा अर्ज लिहून दी. कुण्या दीडशहाण्यानं अट घातलीय, पण अनुभव बघून सोडतील की. न्हाई का?"

"हो मामा," मी म्हणाले आणि मान वर न करता अर्ज लिहिला.

पुण्याहून एक पदवीधर आला. पोरगा वाईट नव्हता. पहिल्याच आठवड्यात तो मामांना राहूला घेऊन गेला. आता मामा त्याच्या कानात सांगू लागले.

ती अट माझ्या हातची, हे मी त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही. 'आमची पोरगी न्यायाचं लिहिती,' असं ते चारचौघांत सांगतात, तेव्हा मी तिथून उठून जाते.

तुमचा धंदा वाढत असेल, तो चालवणारा माणूस नेमायचा असेल, तर एवढं करा. जाहिरात छापायला देण्याआधी, आज जो ते काम करतो त्याच्यासमोर बसून ती मोठ्यानं वाचा. जिथं तुमची जीभ अडखळेल, ती अट खोडा.