चेंबरमधला गाळ

डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीचं एक छोटं चित्र असतं. ते लाल पेटलं की गाडी जागच्या जागी बंद करायची, हे मला दादाने गाडी दिली त्याच दिवशी शिकवलं होतं. पुढे ते चित्र पुन्हा पुन्हा पेटत राहिलं आणि दरवेळी दादा एकच सांगत राहिला, "ऑईल पंप गेला रे."

दादा आमच्या वाडीतला, माझ्याहून बराच मोठा. भाईंदरजवळ काशीगावात हायवेला लागून त्याचं गॅरेज होतं. बारावीनंतर मी रत्नागिरीकडून शिकायला आलो तेव्हा भाईंदरच्या खारी गावातल्या त्याच्या दोन खोल्यांत राहिलो आणि पदवी घेऊनच तिथून बाहेर पडलो. माझी परीक्षा आली की वहिनी टीव्हीवर चादर टाकून ठेवायच्या आणि त्यांची मुलं कुरकुर न करता शेजारी बघायला जायची. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी बी.एस्सी. झालो तेव्हा दादाने गॅरेजमध्ये पेढे वाटले आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं, "हमारा लडका है, साइंटिस्ट बन गया." प्रत्यक्षात मला भाईंदरच्या एका स्टीलच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, नोकरी लागली. पण त्या दिवशी मलाही तो शब्द खरा वाटला होता.

ज्या जुलैत मुंबई पाण्याखाली गेली, त्याच्या पुढच्या थंडीत दादाने मला एक वापरलेली गाडी विकत दिली. "डॉक्टरची गाडी आहे. फार चाललेली नाही. दोघं जण मागत होते, मी म्हटलं, नाही, ही आपल्या पोराला." सीटना नवीन कव्हरं होती, खाली नवं कार्पेट होतं आणि आत अत्तराचा घमघमाट. मी ते सगळं त्याचं प्रेम समजलो. आपल्या माणसाकडून गाडी घेताना दुसरा मेकॅनिक आणून ती तपासून घ्यावी, हे आमच्याकडे कोणाच्या मनातही येत नाही. तसं केलं असतं तर पुढच्या शिमग्याला गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

पहिला पंप गेला तेव्हा दादा म्हणाला, "जुना होता." दुसरा गेला तेव्हा म्हणाला, "माल डुप्लिकेट लागला." प्रत्येक वेळी मी गाडी त्याच्याकडे सोडून कामावर जायचो आणि संध्याकाळी तयार गाडी घेऊन यायचो. इंजिन उघडलेलं मी कधी पाहिलंच नाही. "तू इथे थांबून काय करणार? कपडे खराब होतील," असं म्हणून तो मला रिक्षात बसवायचा.

पुन्हा दिवा पेटला तेव्हा बायको शेजारी होती. गोल्डन नेस्टच्या चौकाजवळ इंजिन टकटक वाजायला लागलं आणि मी गाडी कडेला घेतली.

"एकदा दुसऱ्या कोणाला दाखवूया ना," ती म्हणाली.

"दादाला कळलं तर काय वाटेल?"

"गाडीला काय वाटतंय ते ऐका आधी."

मी तिच्यावर चिडलो. दादाबद्दल कोणी बोललेलं मला सहन होत नसे. पण एकच भाग इतक्या लवकर पुन्हा पुन्हा खराब होत असेल तर दोष त्या भागात नसावा, एवढं तर कारखान्यातही आम्ही रोज बोलत होतो. या वेळी मी रजा घेतली आणि गॅरेजमध्येच बसून राहिलो. दादाला ते आवडलं नाही, पण जा असंही म्हणता येईना.

त्याने इंजिनाखालचं चेंबर काढलं. तेल त्यातच साठतं. पंप ते जाळीतून ओढतो आणि इंजिनभर फिरवतो. चेंबरच्या तळाशी राखाडी चिखलासारखा थर होता. उघडलेल्या पंपाच्या आतल्या दात्यांवर बारीक ओरखडे होते, जणू कोणी वाळूने घासले असावेत.

"हे काय रे दादा?"

"जळलेलं तेल. असतंच ते."

मी तो थर एका डबीत घेतला. दादा हसला. "आता आमची पण तपासणी काय?"

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मी तो पेट्रोलने धुतला, वाळवला आणि त्यावरून लोहचुंबक फिरवलं. पंप स्वतःच झिजून हा चुरा झाला असता तर तो बहुतेक सगळा चिकटला असता. थोडाच चिकटला. उरलेली पावडर मी बोटांत चोळली. माती होती. पाण्याबरोबर येते आणि पाणी गेल्यावर खाली बसते, ती. चेंबर कितीही धुतलं तरी इंजिनाच्या आतल्या वाटांतून ती पुन्हा उतरणार होती आणि प्रत्येक नवा पंप खाणार होती.

तरी मी स्वतःला समजावत होतो की दादालाही कोणी फसवलं असेल. संध्याकाळी गॅरेजमध्ये जाऊन मी डिकी उघडली आणि स्टेपनीखालचं कार्पेट उचललं. कोपऱ्यात तोच वाळलेला गाळ होता. कार्पेट नवं होतं आणि गाळ त्याच्याखाली होता. म्हणजे ज्याने कार्पेट बसवलं, त्याने तो पाहिला होता.

दादा मागे येऊन उभा राहिला.

"गाडी पाण्यात होती," मी म्हणालो. "तुला माहीत होतं."

त्याने नाही म्हटलं असतं तर मी विश्वास ठेवला असता. तो हात पुसत म्हणाला, "अरे, त्या साली कोणाची गाडी पाण्यात नव्हती? दोन गाड्या अंगावर पडल्या होत्या माझ्या."

"मग मलाच का?"

"बाहेरच्याला दिली असती तर त्याने चार माणसं आणून गॅरेज फोडलं असतं. तू आपला. तू सांभाळून घेशील, माहीत होतं मला." मग आवाज मऊ करून, "पंप मी लावून देतोच ना दरवेळी? कधी नाही म्हटलं?"

त्याला यात काही वावगं वाटत नव्हतं, हे मला दिसत होतं. मी इतकी वर्षं ज्याला माया म्हणत होतो, ती त्याने खरंच केली होती. ती खोटी नव्हती. पण गाडी कोणाच्या गळ्यात घालायची हे ठरवताना त्याने माझा उपकाराखाली वाकलेला स्वभाव हिशेबात धरला होता.

"चेंबर बसवून दे," मी म्हणालो. "मी नेतो."

"कुठे नेतोस? वेडा झालास काय?"

चेंबर बसवून झाल्यावर मी गाडी ओढून न्यायला टेम्पो बोलावला. मला दोर नीट बांधता येईना, तेव्हा दादानेच खाली बसून तो बांधला आणि ओढून पाहिला. "हळू ने," म्हणाला. मी मान हलवली.

भाईंदर पश्चिमेला एक अनोळखी मेकॅनिक होता. बायकोही तिथे आली. त्याने चेंबर काढलं, बोटावर तो गाळ घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"साहब, ये तो पानी की गाडी है. किसने दी आपको? उसका नाम बोलो, यहाँ सबको पता रहेगा."

बायको माझ्याकडे बघत होती. दादाचं नाव माझ्या अगदी ओठांवर होतं.

"ऐसे ही," मी म्हणालो. "था कोई. अब गाँव चला गया."