टॉवेलाखालून सांगणारे आबा

“जरा हात द्या इकडं,” असं म्हणून ते समोरच्याचा उजवा हात आपल्या हातात घ्यायचे, खांद्यावरचा टॉवेल दोन्ही हातांवर टाकायचे आणि मगच बोलायला लागायचे. समोरचा माणूस चक्रावून जायचा. एका हातात कुत्र्याची साखळी, दुसरा हात एका अनोळखी म्हाताऱ्याच्या टॉवेलाखाली. पळणार कुठं?

आमच्या कॉलनीत महापालिकेची एक ओपन स्पेस आहे. दोन झोके, एक घसरगुंडी, एक सीसॉ आणि चार सिमेंटची बाकं. कागदोपत्री ती लहान मुलांसाठी आहे. प्रत्यक्षात संध्याकाळी सहाला तिथं नगरची निम्मी कुत्री फिरायला येतात, असं मला वाटायचं. मोजली तर पाच-सहाच असतील. पण भित्र्याला एकाची दहा दिसतात, आणि मी पहिल्या नंबरची भित्री.

का, ते सांगते. सात वर्षांची असताना मला कुत्रं चावलं. तेव्हा बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घ्यायला लागायची. त्या सुया अजून माझ्या पोटात आहेत असं कधीकधी वाटतं. आज मी शाळेत मराठी शिकवते, साठ पोरांचा वर्ग एका नजरेत गप्प करते. पण समोरून साधं पॉमेरियन आलं तरी माझ्या तोंडाला कोरड पडते. आणि माझी लेक सई, पाच वर्षांची, तिला भीती हा शब्दच माहीत नाही. दिसलं कुत्रं की निघाली हात पुढे करून. म्हणजे दोघींच्या वाटणीची भीती मी एकटीनं वाहायची.

कुत्रेवाल्यांशी बोलून पाहिलं नाही असं नाही. तुम्हीही कधी बोलला असाल, तर पुढचं वाक्य तुम्हाला पाठ असेल. “काही करत नाही हो तो.” एका बाईंनी तर मला ऐकवलं, “मॅडम, तो तुमच्या मुलीपेक्षा शहाणा आहे.” मी घरी येऊन रडले. आणि नवऱ्यावर चिडले, ज्याचा काही संबंध नव्हता.

अशात आबा आले. पांढरा पायजमा, नेहरू शर्ट, टोपी, खांद्यावर टॉवेल. मुलानं शेजारच्या गल्लीत घर बांधलं, म्हणून गावाकडून राहायला आलेले. चाळीस वर्षं घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाली केलेला माणूस. तिथं म्हणे बैलाचा, म्हशीचा भाव तोंडानं बोलत नाहीत. टॉवेलाखाली हात घालायचा आणि बोटं दाबून सांगायचा.

पहिल्या दिवशी मी पाहिलं तेव्हा एक कॉलेजातला मुलगा लॅब्रेडोर मोकळा सोडून मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. मी सईला कडेवर घेऊन भिंतीला चिकटले होते. आबा गेले, हात धरला, टॉवेल टाकला, कानाशी काहीतरी पुटपुटले. मुलगा आधी हसला, मग लाजला, मग उठून त्यानं साखळी लावली. माझा विश्वासच बसेना.

“काय सांगितलंत त्याला?” मी विचारलं.

“काय न्हाई. दोन बोटं दाबली. दोन हात साखळी बास, म्हनलं.”

“पण टॉवेल कशाला?”

“मॅडम, चारचौघांत भाव पुकारला का माणूस हट्टाला पेटतो. टॉवेलाखाली सांगितलं का ऐकतो. त्याची बी राहती, आपली बी राहती.”

बायकांचा हात मात्र ते धरत नसत. टॉवेलाचं एक टोक बाईंना धरायला द्यायचे, दुसरं आपण धरायचे आणि लांबूनच कुजबुजायचे. आता तेवढ्या लांबून कुजबुजायचं म्हणजे काय? सगळ्या ओपन स्पेसला ऐकू जायचं. “ताई, त्यानं वाळूत घान केलीया, तेवढी उचला, पोरं खेळत्यात.” पण गुपित सांगितल्याचा मान मिळायचा, म्हणून ताई मुकाट्यानं उचलायच्या. माझ्या लेकीपेक्षा शहाण्या कुत्र्याच्या बाईसुद्धा! त्या दिवशी मी घरी जाऊन शिरा केला.

हळूहळू मी त्यांच्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायला लागले. ते शेजारी असले की जिवात जरा जीव यायचा. बैल धरलेला माणूस, त्याला कुत्र्याचं काय, असा माझा हिशेब. एकदा तसं बोलूनही दाखवलं.

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“मला लई भ्या वाटतं कुत्र्याचं,” ते म्हणाले.

मला चेष्टाच वाटली.

“न्हाई, खरं सांगतोय. बैल शिंग हालवून सांगतो, मारनार हाय म्हनून. कुत्र्याच्या मनात काय हाय ते मला अजून कळलं न्हाई.” मग नखानं बाकाचं सिमेंट खरवडत म्हणाले, “धाकटा भाऊ हुता मला. आमी दोघं वस्तीवरनं येत हुतो. पिसाळल्यालं कुत्रं आलं. मी पळालो. मी मोठा, माझे पाय लांब. त्याला न्हाई पळता आलं.”

पुढं काय झालं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. सई झोक्यावरून “आबा, बघा!” म्हणून ओरडली आणि त्यांनी हात हलवला. त्या दिवसापासून माझी भीती कमी व्हायची ती वाढलीच. ज्याच्या आधारानं बसले होते, तो खांबच आतून थरथरतोय असं कळल्यावर दुसरं काय होणार?

मग तो काळा कुत्रा आला.

मालक कॉलनीत नवा होता. जीपमधून यायचा. गळ्यात जाड साखळी होती, कुत्र्याच्याही आणि मालकाच्याही. कुत्रा सईच्या खांद्याला लागेल एवढा उंच, छाती रुंद, आणि भुंकायचा नाही. भुंकणारा परवडला हो! हा नुसता बघायचा. पहिले दोन दिवस आम्ही आयाबाया पोरांना घेऊन लवकर घरी गेलो. तिसऱ्या दिवशी सई घसरगुंडीवर चढलेली होती आणि उतरायला तयार नव्हती. मी खालून दबक्या आवाजात विनवण्या करत होते, तेवढ्यात जीप थांबली.

आबा उठले. टॉवेल खांद्यावरून काढला. मी “जाऊ द्या आबा” म्हणाले, पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

“जरा हात द्या इकडं.”

“हात कशाला?” तो माणूस म्हणाला. “तोंडानं बोला की, बाबा. चोरी केलीय का मी?”

आबांचा हात तसाच पुढे राहिला. टॉवेल घ्यायला कुणी नाही म्हटलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. सगळी ओपन स्पेस बघत होती. आता आबांना मोठ्यानं बोलणं भाग होतं, आणि तीच त्यांची रीत नव्हती.

“पोरं खेळत्यात, मालक. साखळी आखूड धरा, येवढंच.”

“ग्राउंड तुमच्या नावावर आहे का? ट्रेनिंग दिलेला कुत्रा आहे हा. माझ्या शब्दाबाहेर जात नाही.”

“नसंल जात. पन पोरं भित्यात.”

“कोण भितंय? उगाच काहीतरी. थांबा, दाखवतोच तुम्हाला.” आणि तुम्ही म्हणाल, असं कोण करेल? पण त्यानं केलं. काही करत नाही हे सिद्ध करायला त्यानं कुत्र्याची साखळी सोडली.

कुत्रा बसला. मालकानं आमच्याकडे पाहिलं, बघितलंत का, अशा थाटात. आणि नेमकी तेव्हाच सई “यीऽऽ” करून किंचाळत घसरगुंडीवरून खाली आली.

कुत्रा उठला. धावला नाही, सरळ चालत निघाला, मान खाली घालून. मालकानं हाक मारली. पुन्हा मारली. शिट्टी वाजवली. त्याचा शब्द आणि कुत्रा यांची फारकत झालेली मी डोळ्यांनी पाहिली. मी कुठं होते? घसरगुंडीपासून दहा पावलांवर. आई होते मी तिची. आणि माझे पाय जमिनीला खिळले होते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आज तुम्हाला सांगतेय. मला हलता आलं नाही.

आबा हलले. झपझप गेले आणि सई आणि कुत्रा यांच्या मध्ये उभे राहिले. हात खाली, नजर जमिनीवर. “पळू नको बाळा,” ते म्हणाले, अगदी हळू. “माझ्या मागं उभी ऱ्हा. झाड झालो आपन. हालायचं न्हाई.” कुत्रा त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबला आणि गुरगुरायला लागला. तो आवाज अजून माझ्या पोटात आहे. आबा जागचे हलले नाहीत. सई त्यांचा शर्ट धरून झाडासारखी उभी.

किती वेळ गेला कोण जाणे. मालक धावत आला आणि त्यानं पट्टा धरला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तोही घाबरला होता. स्वतःच्याच कुत्र्याला!

मग कुठं माझे पाय सुटले. मी सईला उचललं, छातीशी धरलं, आणि आबांकडे पाहिलं. आबा तसेच उभे होते. त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर मांडीपासून खाली ओला डाग उतरत होता.

त्यांनाही कळलं होतं. टॉवेल मघाशीच हातातून पडलेला, लांब मातीत. आणि चारी बाजूंनी माणसं धावत येत होती. “काय झालं, काय झालं,” करत बायका, पोरं, तो लॅब्रेडोरवाला, सगळे.

मी विचार केला असं म्हणणार नाही. सईच्या शाळेची बाटली माझ्या खांद्याला होती. मी ती उघडली आणि आबांना पाणी द्यायला म्हणून पुढं केली, आणि सगळीच्या सगळी त्यांच्या अंगावर सांडली.

“अगंबाई! आबा, सॉरी, सॉरी!”

“मॅडम, जरा बघून की!” कुणीतरी करवादलं. “आधीच म्हातारा माणूस घाबरलेला.”

“हात थरथरतोय हो माझा,” मी म्हणाले.

आबांनी खाली स्वतःच्या भिजलेल्या कपड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “ऱ्हाऊ दे पोरी,” ते म्हणाले. तोवर मी त्यांची मॅडम होते. मग त्यांनी मातीतला टॉवेल उचलला, झटकला आणि कुणाशी न बोलता घरी गेले.

जीपवाला त्यानंतर तिथं पुन्हा दिसला नाही, असं बाकीच्या आया सांगायच्या. आबाही दिसले नाहीत. आणि आम्हीही नाही, कारण मी सईला तिकडं नेणंच बंद केलं. “आज पाऊस येईल,” “आज अभ्यास आहे,” “आज झोके तुटलेत.” पंधरा दिवस मी त्या पोरीला रोज नवी थाप मारत होते.

शेवटी राहवेना. शेंगोळ्यांचा डबा घेऊन, सईला बरोबर घेऊन त्यांच्या घरी गेले. सुनेनं दार उघडलं.

“आबा गावाकडं गेलेत हो. दुसऱ्याच दिवशी गेले. इथं करमत नाही म्हणाले.” तिनं डबा घेतला, मग मागं वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. “मॅडम, एक विचारू का? राग नका मानू. त्या दिवशी ते भिजून आले. मी विचारलं तर म्हणाले, मास्तरीणबाई लई भ्याल्या हुत्या, त्यांच्या हातनं बाटली सांडली, त्यांना कुनी काय बोलू नका. पण धुताना मला… ह्यांना काळजी वाटतीय. वय झालंय, डॉक्टरला दाखवायचं का म्हणतात. पुन्हा एकटं बाहेर सोडायचं का नाही, असं चाललंय घरात. खरं सांगा, पाणीच होतं ना?”

“पाणीच होतं,” मी म्हणाले. “अख्खी बाटली. मीच सांडली. इतकी भ्याले होते की काही विचारू नका.”

ती सुस्कारा टाकून हसली. “मग काय नाही. थांबा, तुम्ही आलात म्हणून सांगते त्यांना.” तिनं फोन लावला, स्पीकरवर. “आबा, मास्तरीणबाई आल्यात, शेंगोळे घेऊन. त्या स्वतःच म्हणाल्या, पाणी मीच सांडलं.”

पलीकडे एक म्हैस ओरडली तेवढी.

“आबा,” मी म्हणाले, “कधी येताय परत?”

“आता न्हाई, पोरी. हितंच बरंय.” मग जरा थांबून, “बाळी खेळती का ग्राउंडवर?”

सईनं माझ्याकडे पाहिलं. ती तोंड उघडणार होती, मी तिचा हात दाबला.

“खेळते ना आबा. रोज खेळते.”

“मग झालं,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद मावत नव्हता. सुनेनं फोन ठेवला.

सून चहा घ्या म्हणत होती, मी थांबले नाही. सईला घेऊन तिथूनच ओपन स्पेसवर गेले. आत तीन कुत्री होती, त्यातलं एक मोकळं. फाटकाशी चौदाच्या चौदा सुया एकदम टोचल्या. सईनं वर पाहून विचारलं, “जाऊ?”

“जा,” मी म्हणाले.